जागा विचारायची नसते

बॅलरॅट गावच्या तळ्यावर एक रीत आहे. गळ टाकणाऱ्याला जागा विचारायची नाही आणि पक्षी बघणाऱ्याला घरटं विचारायचं नाही.

म्हणून त्या रविवारी मर्व्ह अर्धा टोस्ट बशीत टाकून उठला, तेव्हा त्याची बायको डल्सी एवढंच म्हणाली, "या धुक्यात?"

"मासे काय ऊन पडायची वाट बघतात? आणि तू गं कुठं निघालीस, गळ्यात दुर्बीण अडकवून?"

"लव्हाळ्यात कुणीतरी अंडी घातलीयत. जागा सांगितली, की तुम्ही गळवाले जाऊन तुडवाल."

"नको सांगूस, जा."

फाटकातून तो डावीकडे गेला, ती उजवीकडे. दोघंही कुणी पाठीशी लागल्यासारखे भराभर चालत सुटले. पण तळं पडलं गोल. जुन्या बोटघराशेजारच्या लव्हाळ्यापाशी डल्सी पोचली, तर मर्व्ह पाण्यात दोरी सोडून बसलेला.

"हीच होय तुझी माशांची जागा?" म्हणत तिनं दोरी वर ओढली. दोरीला गळच नव्हता.

मर्व्हनं तिच्या गळ्याकडे बघितलं. "दुर्बिणीची झाकणं काढायची राहिलीयत तुझी."

ती त्याच्या शेजारी टेकली. वर्षापूर्वी याच दिवशी, याच लव्हाळ्यात त्यांच्या मुलाची, कॅलमची, उलटलेली होडी सापडली होती. आणि दुसऱ्या दिवशी मुलगाही.

दोरी गुंडाळून त्याच्या हातात देत ती म्हणाली, "उद्या कॅलमकडे एकाच वाटेनं येऊ."