देवयानीला हाक

"अहो बाई, घोडे तिकडे धावतायत आणि तुमची दुर्बीण भलतीकडेच!" स्टँडमधले शेजारचे काका हसले.

"मला बघायचंय ते इकडेच आहे," मी म्हटलं.

समोर मालकांच्या गॅलरीत माझा माजी नवरा उभा होता. शेजारी त्याची नवी बायको. दोघांचा जीव अडकला होता त्यांच्या देवयानीत. एकही शर्यत न हरलेली घोडी!

देवयानी माझं नाव. घोडी माझ्या बाबांनी त्याला घेऊन दिली, म्हणून त्यांना खूश करायला त्यानं तिला माझं नाव दिलं. घटस्फोटानंतर ते बदलायला त्यानं रेसक्लबात खूप खेटे घातले. पण एकदा शर्यतीत धावलेल्या घोड्याचं नाव बदलायला तिथं परवानगी नाही. आता ती धावते त्या प्रत्येक रविवारी हजारो लोक माझं नाव ओरडतात आणि त्याच्या बायकोला ते ऐकावं लागतं. मी येते ते तिचा चेहरा बघायला.

घरात मात्र मी कायम "अगं ए" होते. सगळ्या संसारात त्यानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही.

शेवटच्या वळणावर घोडी मागे पडली. तो कठड्यावरून अर्धा बाहेर वाकला. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. दुर्बिणीतून त्याचे ओठ मला स्पष्ट दिसत होते: "देवयानी! देवयानी!" बायकोनं कानांवर हात ठेवले.

जिवाच्या आकांतानं तो हाका मारत राहिला.

मी ओ दिली नाही. आणि आज पहिल्यांदाच, घोडीनंही नाही.