लांबून चमकेल असं

पालोमाने पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच, बंद.

“बॅटरी संपली असेल,” गाडी चालवता चालवता नेल्सन म्हणाला. “तुझी बहीण फोन चार्ज करून घराबाहेर पडली, असं कधी झालंय?”

मागच्या सीटवर त्यांचा तान्हा गास्पार झोपला होता. पालोमाने वळून त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

“जिवंत आहे गं,” नेल्सन आरशात बघत म्हणाला. “आत्ताच बघितलंस.”

इग्नासिया, तिची धाकटी बहीण, कॉलेजात शिकत होती. वर्गातल्या येर्कोला घेऊन ती परवा निघाली होती, टेकडीवर जुन्या लोकांनी दगडांनी रेखलेला राक्षस बघायला. सहलीच्या गाडीचं भाडं परवडत नव्हतं. म्हणून मिळेल त्या ट्रकने जायचं, उघड्यावर झोपायचं आणि काल परत यायचं.

पालोमाने तिला दारातच अडवलं होतं. पाणी दिलं, पाव दिले, वर एक लाल चादर.

“इस्त्रीने जळलेलीच बरी सापडली तुला! चिकट कुठली.”

“ऐक आधी. अडकलात तर वाळवंटात चालत सुटायचं नाही. रस्त्याकडेलाच थांबायचं. लांबून चमकेल असं काहीतरी मांडून ठेवायचं, म्हणजे लोक बघतील.”

“हो, आई,” इग्नासिया म्हणाली होती. चिडवायचं असलं की ती ताईला आईच म्हणायची.

रस्ता सरळ होता. खाणीच्या फाट्याजवळ काहीतरी लखलखलं. दगडांचा बुटका आडोसा, त्यावर धुळीने मातकट झालेलं कापड आणि पुढे उन्हात चमकणाऱ्या बाटल्यांची रांग.

“अनिमिता,” नेल्सन म्हणाला. “तहानेने गेलं असेल कुणीतरी.” वाटेत मेलेल्यांच्या घुमटीला इथे सगळेच देतात तशी त्याने हॉर्नने सलामी दिली.

पालोमाने छातीवर क्रूसाची खूण केली. मान खाली घालून मनात म्हणाली, माझी बहीण सापडू दे. परतताना तुला पाणी ठेवीन.

मान वर केली तेव्हा घुमटी मागे पडली होती. आरशात कापडाचं टोक फडफडलं.

“वारा सुटला वाटतं,” ती म्हणाली. “बरं झालं, बाळाला उकडत होतं.”

राक्षसाच्या पायथ्याशी एकच ट्रक उभा होता. म्हातारा ड्रायव्हर सावलीत बसून सिगारेट ओढत होता. धूर सरळ वर जात होता.

पालोमाने त्याला फोनवरचा फोटो दाखवला.

“ही होय! परवा मीच आणलं की दोघांना. पोरगा वाटभर गात होता, कान किटले माझे.”

“परत कशी गेली, ओस्वाल्दोकाका?” ट्रकवर रंगवलेलं नाव नेल्सनने वाचलं होतं.

“मिळाला असेल ट्रक. पण बहुतेक जण फाट्यापर्यंतच नेतात, तिथून खाणीकडे वळतात. पुढे दुसरा बघायचा.”

“तिथे कुणी दिसलं नाही तुम्हाला?”

“नाही, पोरी. ती नवी अनिमिता तेवढी. कालपासून येता-जाता हॉर्न वाजवतोय. कोण बिचारं गेलं, देव जाणे.” त्याने घाम पुसला. “आणि ही हवा बघ. सकाळपासून वाऱ्याचा पत्ता नाही.”

परतताना नेल्सन तिला समजावत होता. “घरी पोचली असेल बघ. आपल्यालाच हसेल.”

फाटा आला तेव्हा पालोमाने त्याच्या हातावर हात ठेवला. “थांब जरा. पाणी ठेवायचंय, बोलले होते मी.”

गास्पारच्या दुधासाठी आणलेली पाण्याची बाटली घेऊन ती उतरली. रांगेच्या टोकाला ती ठेवायला वाकली.

बाकीच्या सगळ्या रिकाम्या होत्या. झाकणं उघडी, तळ कोरडे. मेलेल्यांना कुणी रिकामी बाटली वाहत नाही.

तिने कापडावरून हात फिरवला. धुळीखाली लाल रंग होता. कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग.

मागे गाडीत नेल्सनने रिवाजाप्रमाणे हॉर्न वाजवला.

या वेळी कापड हललं नाही.