अप्पांची चढावरची गाडी

अप्पांच्या टेबलावरच्या छोट्या आगगाडीला चार डबे जोडले, की चढावर इंजिनाची चाकं नुसती जागच्या जागी गरगरायची. मेव्हणा म्हणायचा, "दाजी, आवाज दांडगा, हालचाल शून्य. गाडी मालकावर गेलीय!"

ईर्षेला पेटून अप्पांनी इंजिनाच्या पोटात शिसं कोंबलं, चाकांना रबर चढवलं, शेवटी देवाचाही धावा केला. पण अख्खं विश्व हाकणाऱ्याला ही वीतभर गाडी काही हाकता येईना.

मग बायको लेकीकडे राहायला गेली. इकडे अप्पांनी शिशाचा आणखी एक तुकडा चिकटवला, आणि काय सांगावं, दोन-चार दिवसांत गाडी आठ डबे घेऊन चढ चढायला लागली! बहिणीला घरी सोडायला आलेल्या मेव्हण्याला अप्पांनी दारातूनच आत ओढलं.

"बघ! वजन कुठे टाकायचं, ते कळावं लागतं. गेलीय ना गाडी मालकावर?"

मेव्हणा वाकून डबे मोजायला लागला. बायकोने मात्र सुटकेचा श्वास सोडला.

"चढली गं बाई! मला तिकडे एकच घोर लागला होता, की रोज धूळ पुसताना मी रुळांवर तेलाचा हात फिरवते, तो आता कोण फिरवणार?"