दोन भाकऱ्यांचा भूगोल

शर्वरीनं सासूबाईंपुढच्या ताटातल्या दोन भाकऱ्या कडेला कड लावून ठेवल्या. "हे बघा आत्या, जमिनीचे असे मोठाले तुकडे असतात. ते लांब सरकले की मधल्या फटीतून तापलेला रस वर येतो, नवी जमीन होते. एकमेकांवर आदळले की डोंगर उभे राहतात. आणि नुसते घासत गेले, तर अडकतात आणि मग एकदम सुटतात. की झाला भूकंप."

"मग आपलं कोयनेचं घर कुठल्या फटीवर हाय?" सासूबाईंनी विचारलं.

शर्वरी घुटमळली. "कुठल्याच नाही. त्या फटी फार लांब आहेत."

"तरी आमची भांडी वाजत्यात. तुझ्या पुस्तकाला कळवायला पायजे."

शर्वरीला हसू आलं नाही. परवाच्या धक्क्यानंतर तिनं ठरवलं होतं, नवऱ्याची इथून बदली होईपर्यंत वर्षभराच्या लेकीला घेऊन माहेरी राहायचं. संध्याकाळी भाऊ न्यायला येणार होता.

तेवढ्यात मांडणीवरची भांडी खणखणली. कॉट धरून उभ्या असलेल्या लेकीचा हात सुटला. शर्वरी उठेपर्यंत जमीन थांबलीसुद्धा, आणि लेक तशीच उभी होती, पहिल्यांदाच आधाराशिवाय. आईकडं बघत तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि कुशीत येऊन कोसळली.

बऱ्याच वेळानं शर्वरीनं फोन लावला. "दादा, आज नको येऊस. जमीन हलली तरी पडली नाही रे ती."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "आता ही घरभर पळणार. भूकंपाला भ्यायला तुला सवडच व्हायची न्हाई."