एकशे अडुसष्ट

"एकशे अडुसष्टला गॅस बंद कर. विसरू नकोस, लेका," असं म्हणत वेंडल आईचा फोन घ्यायला घरात पळाला, आणि त्याच्या विस्कॉन्सिनमधल्या गॅरेजात तापत्या पातेल्यापाशी नॉर्बर्ट एकटाच उरला.

नॉर्बर्टला हे सांगायची गरजच नव्हती. घरी बिअर करायला वेंडलला शिकवलं होतं त्यानंच. भिजवलेल्या जवाची गोडी गरम पाण्यानं धुऊन काढायची, पण पाणी जास्त तापलं तर टरफलांचा तुरटपणाही उतरतो आणि सगळी बिअर वाया जाते, हे वेंडलच्या डोक्यात घातलं त्यानंच. पातेल्यात लटकणारा फॅरनहाइटचा थर्मामीटरसुद्धा त्यानंच दिलेला. एका खोक्यात दोन आले होते, एक त्यानं स्वतःला ठेवला. आणि काउंटीच्या जत्रेतली पहिल्या नंबरची निळी फीत मात्र ओळीनं तीन वर्षं वेंडलला. तिन्ही फिती समोरच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. नॉर्बर्टच्या बिअरबद्दल परीक्षक दरवर्षी एकच शब्द लिहीत: पातळ.

काटा एकशे अडुसष्टवर आला. नॉर्बर्टचा हात गॅसकडे गेला आणि परत खिशात आला. एकशे बहात्तर. भिंतीवरच्या फिती त्यानं पुन्हा एकदा मोजल्या. एकशे ऐंशी. एक वर्ष, फक्त एकच वर्ष याची बिअर तुरट होऊ दे, बस.

वेंडल धावतच परत आला. काटा एकशे त्र्याऐंशीवर होता. नॉर्बर्टनं सबब तयारच ठेवली होती, पण वेंडलनं गॅस बंद केला आणि सुटकेचा श्वास टाकला.

"वाचलो बाबा. आई तिकडं गुडघ्याचं रामायण लावून बसली, आणि माझा जीव इकडं. हा थर्मामीटर पंधरा डिग्री जास्त दाखवतो, हे तुला सांगायचंच राहिलं. अडुसष्टला बंद केलं असतंस तर पाणी थंडच राहिलं असतं, गोडी उतरली नसती आणि बिअर पातळ झाली असती."

नॉर्बर्ट थर्मामीटरकडे बघत राहिला. याचाच जोडीदार त्याच्या घरी होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या फितीच्या आधी..." बोलता बोलता वेंडल थांबला.

"माझाही यातलाच आहे. तीन वर्षं झाली, वेंडल. एका शब्दानं बोलला नाहीस."

वेंडलचे कान लाल झाले. त्यानं फडकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग त्याची नजर काट्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"थांब. म्हणजे तुला हे माहीत नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "मग तू गॅस का नाही बंद केलास?"

नॉर्बर्टनं खाली ठेवलेलं फडकं उचललं आणि पातेल्याच्या कानाभोवती गुंडाळलं.

पाणी अगदी हवं तेवढंच तापलं होतं. दोघांनी पातेल्याचा एकेक कान धरला आणि एकमेकांकडे न बघता ते उचललं.