चिखलातली राखण

सेहेचाळीस साली वडूजचे सयाजीराव जोंधळ्याचं पोतं घेऊन घाट उतरले. लढाईत त्यांच्या पोराचा जीव वाचवणारा दाऊद कोकणातला, त्याचे पाय धरायला ते निघाले होते. दिवेलागणीला पोचले, जेवले आणि झोपले. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

सकाळी बघतात तर घरामागं लांबच लांब ओला चिखल, आणि त्यात हजारो पाखरं चोची मारत होती. दाऊदचं पेरलेलं भात पाखरं वेचून खातायत, असं त्यांना वाटलं. त्यांनी पटक्याची गोफण केली, बांधावरचे खडे वेचले आणि तासभर एक पाखरू बसू दिलं नाही.

"दाऊद, तुजं बियाणं राखलं बग," घाम पुसत ते म्हणाले.

दाऊदचा चेहरा उतरला. "काका, हे शेत नाय, खाडी हाय. ओहोटीला उघडी पडते. ही पाखरा हजार कोसांवरून येतात. आमच्या सात पिढ्यांत कुणी त्यांना खडा मारला नाय."

तोवर भरतीचं पाणी चिखलावर चढू लागलं होतं. सयाजीरावांची मान वर होईना. "कसल्या तोंडानं ऱ्हाऊ हितं? जातो मी," म्हणत त्यांनी वळकटी उचलली.

दाऊदच्या आईनं, हाजराबीनं, ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पुढ्यात गरम भाकरी ठेवली.

"बसा, भाऊ. लांबून आलेल्याला या गावात कुणी हाकलत नाय."