सूसैचं शीड

"अण्णा, संपलंय म्हणा. एवढंच." शीड वाळूवर टाकता टाकता सूसैची सून पुष्पम पुटपुटली. "ऐप्पसी महिन्याचं तुफानी वारं सुटलंय. मामंजींना सत्तरावं लागलंय."

शीडवाल्या लाजरने सुईत दोरा ओवला. "मी कापड बघतो बाई, वय नाही."

सूसै म्हातारा मागून आला आणि उकिडवा बसला. त्याच्यापाठोपाठ निम्मा किनारा. या गावात माणूस थकला असं कुणी म्हणत नाही. शीडवाला म्हणतो, शीड संपलं. मग म्हातारा मानाने कट्टुमरम तराफ्याच्या ओंडक्यांवरून उतरतो आणि मुलगा नवं शीड शिवून घेतो. चाळीस वर्षं हा निकाल लाजरच देत होता. त्याच्या शब्दावर माणसं खोल पाण्यात जात होती.

"आटप रे, म्हाताऱ्याला पहाटे निघायचंय," कुणीतरी म्हणालं.

"निघेल की. सैतान भेटला तर त्यालाही जाळं ओढायला बसवेल."

हशा झाला. सूसै हसला नाही.

लाजरने परबाणाला, शिडाच्या आडव्या काठीला, घासणारी कड चाचपली. शाबूत. कोपऱ्यात सुई रोवून ओढली. धागा तुटला नाही. मग त्याने शीड उन्हात धरलं, आणि मधोमध हातभर पट्टा विरलेला दिसला. साल उकळून दिलेला तांबडा रंगही तेवढ्याच जागी उडाला होता.

त्याने अंगठा फिरवला. वाऱ्याने कापड असं सरळ रेषेत विरत नाही. हे कुणीतरी घासलं होतं.

त्याने पुष्पमकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

लाजरची कानशिलं तापली. घरच्याच माणसाच्या शिडाला चोरून हात लावायचा? आणि भर समुद्रात फाटलं असतं तर?

"काय म्हणतोस?" सूसैने विचारलं.

"ठणठणीत आहे. मधे पट्टी लावतो, अजून तीन वर्षं चालेल." मग पुष्पमला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "कुणी कितीही खोड्या करो."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी सूसैची पाठ थोपटली. पुष्पम तोंडाला पदर लावून घराकडे वळली.

लाजरने पट्टी शिवली, दातांनी दोरा तोडला. तोवर लोक पांगले होते. सूसै शीड उचलायला त्याच्याजवळ वाकला.

"शिंपल्याने घासायला मला तीन दिवस लागले रे, लाजर."